लायसन

आईच्या पेटीत, पत्ता कापायच्या कात्रीखाली
एक वही निघाली, तळहाताएवढी.
आत बापूचं नाव: आडकू उरकुडा मेश्राम,
मु. चिचटोला, जि. भंडारा.
रेडिओ बाळगण्याचं लायसन.
दरसाल पंधरा रुपयांची तिकिटं,
त्यांवर पोस्टाचा गोल शिक्का, शाई पसरलेली.

पंधरा रुपये म्हणजे आईच्या हातच्या
अडीच हजार बिड्या. छाट निघाली तर जास्तच.
हिशेब ती तोंडी करायची,
मान खाली, मांडीवर सूप, बोटांत सूत.
कोनाड्यात रेडिओ, खाकी कातड्याच्या कुडत्यात.
नागपूर केंद्र लागलं की बाया म्हणत,
आवाज मोठा कर व.

तुरीवरल्या अळीचं औषध आम्हाला पाठ झालं,
नावावर धुराही नसलेल्यांना.
जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी,
हेही तिथूनच कळलं.
फुलनबाईची पोरगी त्या पाण्यावर जगली.
रोज पाच मिनिटं एक माणूस
संस्कृतात बातम्या सांगायचा.
कोणालाच समजायचं नाही.
बंदही कोणी करायचं नाही.
आई म्हणे, राहू दे,
त्याच्या घरचे आयकत असतीन.

एक्क्याण्णव साली ताराचंद गेला.
माझा भाऊ. गोंदियाच्या स्टेशनावर
कोणीतरी पाह्यला, तो शेवटचा.
बापूनं ठाण्यात कागद भरला,
शाळेच्या फोटोतून त्याचं डोकस्कं
कात्रीनं कापून दिलं.
ही तीच कात्री.

मग एका संध्याकाळी ग्रामपंचायतीत
डोमा चपराशानं टीव्हीच्या पेटीचं कुलूप काढलं.
सारा टोला जमला, बाया मागं, पोट्टे पुढं.
मागं वाजंत्री नाही, घाई नाही,
एका बाईचा आवाज:
नाव ताराचंद आडकू मेश्राम.
वय एकोणीस. रंग सावळा.
डाव्या भुवईवर जखमेची खूण.
आमचं आडनाव तिनं पुरतं उच्चारलं,
एखाद्या मंत्र्याचं उच्चारावं तसं.

असतील दहा-बारा सेकंद.
कोणी पैसे मागितले नाहीत.
कोणाचे तुम्ही, कोणाची चिठ्ठी आणली,
विचारलं नाही.
लगेच दुसरा चेहरा आला,
सोलापूरकडची एक म्हातारी,
हिरवं लुगडं, कानानं कमी ऐकते.
तिलाही आम्ही डोळे फाडून पाह्यलं.
न पाहून कसं चालंल?
तिकडं कोणीतरी आमच्या ताराचंदला
तसंच पाहत असंल ना.

महिन्यानं एक कार्ड आलं, मिरजेहून.
लिहिणारा स्टेशनावरचा हमाल.
‘तसा पोरगा इथं दिसला.
जवळ जाऊन भुवई पाहिली. खूण नव्हती.
तो नव्हे. तरी कळवतो.’

ताराचंद आला नाही.
बापू गेला, आई गेली.
कार्ड ह्याच वहीत आहे,
चौऱ्याऐंशीनंतरच्या कोऱ्या पानांत.
पुढं सरकारनं लायसन बंद केलं,
तिकीट लावायचं राहिलं नाही.

भाचा, प्रज्योत, म्हणतो,
मावशी, हे फुकटचं चॅनल कोण पाहते आता?
फुकटचं काहून, बाप्पा?
बिडीच्या कट्ट्यावर कर होता,
काडीपेटीवर होता.
आम्ही भरला. त्या हमालानं भरला.
त्या म्हातारीनंही भरलाच असंल,
कानानं कमी ऐकत असूनही.
मी इतकं बोलते तोवर
तो मोबाइलात गेलेला असतो.

अजून कधीमधी संध्याकाळी
हरवलेल्यांचे चेहरे येतात.
हातातलं काम मी खाली ठेवते.
नाव, वय, उंची, अंगातला सदरा,
सगळं ऐकून घेते.
पण चेहरा आला की आधी भुवया पाहते,
मग बाकीचं.