दार घेऊन हिंडणारा माणूस

वेलदूरच्या बंदरावर, शिमगा उलटल्यावर तिसऱ्या रात्री,
पडदा म्हणून शीड बांधलं होतं
जांभारकरांच्या मोडीत काढलेल्या होडीचं, चार ठिगळांचं.
पुढे पुरुष, पालथ्या टोपल्यांवर.
मागे बाया आणि आम्ही पोरं.
आम्हाला सगळं उलटं दिसत होतं
आणि त्यानं काही बिघडत नव्हतं.
मधूनमधून इंग्रजी पाट्या यायच्या,
त्या पुढच्यांना तरी कुठे वाचता येत होत्या.

चित्रपट मुका.
आवाज फक्त जनरेटरचा
आणि होड्यांच्या बुडाशी चुळबुळणाऱ्या भरतीचा.

एक काटकुळा माणूस पाठीवर दार घेऊन निघतो.
घर कुठलं, ते त्यालाही ठाऊक नसावं.
तो वळतो, दार जरा उशिरा वळतं,
तेवढ्या उशिरात
पाववाला, पाद्री आणि दोन कोंबड्या आडव्या.
कोण पडलं म्हणून मागे बघतो,
तोवर पुढचा पडतो.
दमला की माळावर दार उभं करतो,
पाय पुसतो, कडी वाजवतो, वाट बघतो,
मग स्वतःच उघडून आत जातो.
आत म्हणजे त्याच माळावर.
हवालदार येतो त्याला धरायला.
चहूकडे मोकळं रान,
तरी तोही टोपी काढतो
आणि कडी वाजवतो.

गंगू रोहिलकरीण हसता हसता
शेजारणीच्या मांडीत कोसळली.
तो मात्र हसला नाही, एकदाही.
आई म्हणाली, "लिलाववाल्यागत त्वांड हाय मेल्याचा."
खरंच होतं ते. आमच्यात पापलेटचा भाव
पंच्याखाली बोटं धरून ठरायचा,
ओठ हलला की टोपलीमागे दहा रुपये गेले.
न बोलता किती सांगता येतं
हे या बंदराला कुणी शिकवायला नको होतं.

वारा सुटला की शीड फुगायचं
आणि काटकुळा पोटुशी व्हायचा.
ठिगळावरून जाताना त्याचा पाय अडखळायचा.
ती करामत त्याची की आमच्या शिवणीची, देव जाणे.

टेकडीवर एक बिनदाराचं घर दिसलं.
तो चढू लागला.
आणि रीळ संपलं.
"शेवटचं दापोलीलाच राहिलं," मशीनवाला म्हणाला.
शिडावर नुसता पांढरा उजेड.
कुणी उठेना.

मग लखमा उठला, जाळी विणणारा, जन्माचा बहिरा.
होडीची एक फळी पाठीवर घेऊन उजेडात आला.
वाळूत पाय पुसले. नीट, एकेक बोट.
शिडावर टकटक केली
आणि ज्या कानानं आयुष्यात काही ऐकलं नाही
तो कान कापडाला लावून थांबला.
त्याची सावली माझ्या नाकासमोर.
मी आठ वर्षांचा. काय सुचलं कुणास ठाऊक,
या बाजूनं दोन टकटक दिल्या, त्याच्या गालावर.
लखमा दचकला तो असा
की फळीसकट पुढच्या रांगेत.

परवा फोनवर अख्खा चित्रपट सापडला,
शेवटच्या रिळासकट.
दार त्या घराला बसत नाही, दोन बोटं रुंद आहे.
तो कापत नाही, रडत नाही,
घराशेजारी दार उभं करतो,
आधी दारातून जातो,
मग वळसा घालून बिनदाराच्या घरात.
मोठ्या कारागिराचं काम. मी तीनदा पाहिलं.

लखम्याला दाखवायला जेटीवर गेलो.
दोरा दातात धरून त्यानं पूर्ण पाहिलं,
हवालदाराला मान डोलावली,
शेवटाला हात हलवला: नाही, असं नव्हतं.
नखानं काचेवर टकटक केली,
फोन कानाला लावला
आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी फोनच्या पाठीवर दोनदा बोट वाजवलं.

या वेळी तो पडला नाही.
नुसतं गुडघ्याकडे बोट दाखवलं
आणि तोंड लिलाववाल्यासारखं ठेवलं.