पाहुणे

कंपूतल्या माझ्या दवाखान्यात तार एकच येते,
समोरच्या खांबावरून, कूलरच्या बाजूच्या भोकातून आत.
तिच्यावरच दाढांचे एक्स-रे, उधारीचा हिशेब,
वरच्या मजल्यावर बाबांच्या उशाशी लावलेला कॅमेरा,
आणि तिच्यावरच
बाहेर गाल धरून बसलेल्यांचं क्रिकेट.

पासवर्ड मीच चिकटवला होता कॅलेंडरखाली.
लग्नाची तारीख. दुसरं काही सुचलं नव्हतं.
भदौरिया मास्तरांनी एकदा चूळ भरता भरता विचारलं,
यंदा पंचवीस होतील ना?
मी हसले, आणि ड्रिल जरा लवकर सुरू केलं.

मग मे महिन्यातली ती दुपार.
रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.
कुणी न सांगता प्रिंटर जागा झाला, खोकला,
आणि एक कागद बाहेर आला, अजून कोमट.
हिंदीत, चार ओळी:
पिताजी, दुकान अभी मत बेचिए.
मैं लौट रहा हूँ.
खाली नाव नाही.

बाहेर डोकावले. बाकावर सात जण,
गुडघ्याला गुडघा, माना खाली, अंगठे चालू.
कुणाच्या बोटानं चुकून माझं यंत्र निवडलं होतं.
हाक तरी काय मारणार?
एकेकाला आत घेतलं, सातही जणांना आ करायला लावलं.
एकाच्याही जिभेवर ते पत्र नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुष्पेंद्र आला,
चपला दाराशी काढून स्टुलावर चढला.
एका तारेतून दोन वाटा काढल्या त्यानं.
पाहुणे सरळ बाहेर जातील, म्हणाला,
तुमच्या खोल्यांकडे वळणार नाहीत.
एकमेकांनाही दिसणार नाहीत.
एकमेकांनाही?
हां मॅडम. सबकी अपनी गली.

नाव काय देऊ, त्यानं विचारलं.
मी ‘पाहुणे’ सांगितलं.
येणाऱ्या निम्म्यांना हा शब्द कळत नाही,
तरी जोडले जातात.
नवा पासवर्ड: दोनदा दात घासा.
तो वाचून निदान कुणी शुभेच्छा देत नाही.

आता प्रिंटर फक्त माझं ऐकतो.
दोन पेशंटच्या मध्ये मी बाबांना बघते,
कूस बदलतात, पांघरूण लाथाडतात,
आणि हे आता मी सोडून कुणाला दिसणार नाही.
बरं वाटतं.
कागद मात्र खणात आहे,
प्लॅस्टरच्या जबड्यांखाली, घडी न घालता.

गेल्या शुक्रवारी एक मुलगा आला, अक्कलदाढेचा.
काढून झाल्यावर कापूस सांभाळत म्हणाला,
मॅडम, यहाँ से प्रिंट निकलता है क्या?
पहले निकलता था.

नाही, म्हटलं. आता नाही.
त्यानं मान हलवली.
खणाच्या मुठीवर माझा हात होता.
अर्धा तास बोलायचं नाही, असं मीच त्याला बजावलं होतं,
म्हणून विचारलं नाही
दुकानाचं काय झालं.