बोडका

एकतीस वर्षं मी पाणी हाकलायची नोकरी केली.
ड्रेनेज खातं, वडोदरा महानगरपालिका.
कुठल्या सोसायटीत किती इंच चढतं,
कुठला कांस कुठे चोंदतो,
झोपेत विचारलं तरी सांगत असे.
माझ्याच घरामागचा खड्डा तेवढा राहून गेला.
आठ बाय सहा, काळी माती,
श्रावणापासून दिवाळीपर्यंत तुंबलेला.
दिव्याखालचा अंधार, कुमुद म्हणायची,
आणि डास मारायची.

नारसिंगभाईनं रोप आणलं
तेलाच्या जुन्या डब्यात, माझ्या पोटरीएवढं.
'साहेब, आने तो ऊभुं पाणी गमे.'
साचलेलं पाणी आवडणारं झाड!
माझ्या अख्ख्या नोकरीला
असं तोंडावर कुणी हसलं नव्हतं.

नाव टॅक्सोडियम. मराठीत नाव नाही.
सुरूचा लांबचा कुणी भाऊबंद,
थंडीत ज्याला टक्कल पडतं.
कुमुदनं बोडका म्हणून टाकलं.
तेव्हा तर अंगभर पिसं होती त्याच्या,
बोट फिरवलं तर कळू नये इतकी मऊ.

मधोमध नाही, काठाशी लावलं.
किती उतरायचं ते मुळांनी ठरवावं.
बांबूला बांधलं साडीच्या सुती काठानं,
आठाच्या आकड्यात, सैल.
वाऱ्यात थोडं हललं पाहिजे,
नाहीतर खोड आळशी होतं.

वैशाखात पिवळं पडलं.
आमचं नळाचं पाणी जड,
भांड्यांवर पांढरा थर धरणारं.
मग रक्षाबेनच्या एसीची नळी
आमच्या बादलीत वळवून घेतली.
दुपारभर त्यांचा गारवा
थेंब थेंब गळायचा,
संध्याकाळी मी तो बोडक्याला पाजायचो.
तीन आठवड्यांनी शेंडा पोपटी.

मार्गशीर्षात ते गंजलं.
म्हणजे रंगानं. मग एकेक पीस नाही,
डहाळीच्या डहाळी गळाली.
'मरी गयुं,' रक्षाबेन भिंतीवरून.
मी नखानं साल खरवडली.
आत हिरवं होतं.
तिला दाखवलं नाही. कुमुदला दाखवलं.

त्याच थंडीत कुमुदचे दोन्ही गुडघे बदलले.
मागच्या दारात खुर्ची, शेजारी वॉकर,
समोर ती काडी.
फिजिओथेरपीची मुलगी म्हणायची, वाकवा, अजून थोडं,
आणि ही काडीकडे बघत दात आवळायची.
एकदा मी वाचलेलं सांगितलं:
ह्या झाडाला म्हातारपणी गुडघे फुटतात.
मुळांतून, चिखलातून वर, लाकडाचे.
कशासाठी, ते शहाण्यांनाही नक्की ठाऊक नाही.
'म्हणजे माझे काढलेले
ह्यालाच लागणार होते,' ती म्हणाली,
आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली.

पुढच्या भाद्रपदात विश्वामित्री घरात आली.
तीन दिवस आम्ही गच्चीवरच्या खोलीत.
खाली फक्त बांबूचं टोक दिसत होतं.
दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या भिंतीवर
एक मगर येऊन पडली, थकलेली,
आमच्यासारखीच कुठे जावं न कळून.
रात्रभर फोन येत होते,
निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी:
साहेब, पाणी कधी उतरणार?
सकाळपर्यंत, मी सांगत होतो सगळ्यांना.
खोटं.

उतरलं तेव्हा फ्रीज उताणा,
गाद्यांचा चिखल,
आणि बोडका उभा. शेंड्यापर्यंत गाळ,
साडीची गाठ ओली, घट्ट.
मी मग घेऊन एकेक पीस धूत बसलो.
'आधी घर धुवा हो!'
कुमुद चिडली ते बरोबरच होतं.

आता माझ्या खांद्याला लागतो.
चिखलात उतरून मी अंगठ्यानं चाचपतो.
काही कठीण लागलं की थांबतो.
दर वेळी दगडच.
'आला का गुडघा?' पायरीवरून ती.
अजून नाही.
पंधरा वर्षं तरी लागतात म्हणे,
ते मी तिला सांगितलेलं नाही.
तिनंही कुठेतरी वाचलंच असणार.
'बादली भरून वाहतेय,'
ती म्हणते, 'या लवकर.'