अठ्ठेचाळीस तासांच्या आत

वूच शहराबाहेर, परतीच्या गोदामात
व्हिएस्वावा खोकं उघडते:
काळा ड्रेस, अडतीस नंबर, लेबल शाबूत.
सोबतच्या कागदावर एकच खूण,
उशिरा आला.

ती ऑर्डर नंबर टाकते.
मंगळवार, दोन वाजून पाच. गुरुवार, सव्वाबारा.
सेहेचाळीस तास दहा मिनिटं.
शब्द दिला होता अठ्ठेचाळीसचा, म्हणजे हिरवं.
हिरव्याला उशीर होत नाही,
तो पर्यायच उमटत नाही यादीत.

पत्त्यातलं खेडं तिच्या ओळखीचं.
मावशीला तिथंच पुरलं,
सकाळी अकराला.

काखेच्या शिवणीला नाक लावते. नियमच आहे तसा.
घाम नाही, अत्तर नाही.
फक्त डाव्या बाहीची घडी मोडलेली,
कुणी एकच हात घालून पाहिला असेल
आणि मग घड्याळ.

ती वाफ देते. बाहीला दोनदा.
मग कोड सात: इतर.

साडेनऊ मिनिटं. ठरलेली चार.
इकडं माझ्या काचेच्या केबिनमध्ये
तिच्या नावापुढची पट्टी लाल झाली.
रंग मीच नेमलेत, गेल्या मार्चात,
फार विचार न करता.
पट्टीवर बोट ठेवलं
तर चौकट उघडली: कारण भरा.

खाली ती पुढचं खोकं कापत होती.
मीही सात लिहिलं.