निनावे मसाले

देवकाबाई, बसा. तिकडच्या बाजूनं बसा,
इकडे शाई वाळत घातली आहे.
हं, दाखव रे हेमराज, तुझा सिंह.

छान आहे. सोनेरी आहे. मुकुटही घातला त्याला.
पण या इतवारीत मी आजवर
अकरा मसाल्यांवर सिंह छापले, भाऊ,
चार चहापत्त्यांवर, एका पापडावर,
एक तर फिनाईलच्या बाटलीवर.
दुकानाच्या फळीवर ओळीनं उभे राहतात
आणि एकमेकांकडे पाहून जांभया देतात.

आणि हे 'रॉयल स्पाइस किंग' काऊन?
तुझा बाप किंग होता काय?
मागावर बसायचा, गोळीबार चौकाच्या मागे.
खटखट थांबली की आम्ही समजायचो, जेवायची वेळ झाली.

पोट्टा म्हणतो, काका, आडनावाचाच घोळ आहे.
निनावे!
नाव नसलेला मसाला घेणार कोण?
धरमपेठेतल्या सरांनी फळ्यावर लिहून दाखवलं म्हणे,
ग्राहकाच्या डोक्यात घर करायचं.
करा ना.
पण भाड्यानं आणलेल्या सिंहाला
कोण आपल्या डोक्यात खोली देईल?

मी फार शिकलो नाही. लेबलं छापतो.
शेकडो धंदे या टेबलावर नाव घेऊन आले,
दुसऱ्या छपाईला परत किती आले,
ते बोटांवर मोजता येतं.
एकानं लिहिलं होतं, 'लोणचं खारट आहे, भातासोबत खा.'
एक बाई पुड्यावर वार घालायची,
मंगळवारचे शंकरपाळे.
बुधवारी कोणी मागितले तर नाही म्हणायची.
त्या 'नाही'पुढे रांग लागायची.

तुमचा मसाला मी खाल्ला आहे, बाई.
पहिल्या घासाला काहीच होत नाही,
तिसऱ्याला कानामागे घाम.
तेवढं लिहा की. आधी अर्धा चमचा, मग बघा.

परवा साडूकडे बुटीबोरीला गेलो होतो.
तिथल्या किराण्यात कंपनीच्या कपड्यातला एक गडी
म्हणाला, तो लाल गाठीचा द्या.
दुकानदारानं काही न विचारता हात वर केला
आणि तुमची पुडी काढली.
ना चिठ्ठी, ना छाप. साधी थैली,
तोंडाला लाल सुताची गाठ.

कुठून आणता हे सूत?

देवकाबाई खाली पाहतात.
यांच्या मागावरचं उरलं होतं, म्हणतात,
लुगड्याच्या काठाचं.
आठ वर्षं पुरवलं. आता दोनच कांड्या राहिल्या.
गाठही यांनीच शिकवलेली,
ओढाल तितकी बसते.

पोट्टा गप्प.
त्याच्या हातातल्या मोबाईलवर
सिंह हळूच काळा पडला.

मग मी म्हटलं, असं करा,
हजार नको, दोनशे छापू, एकाच रंगात.
निनावे. गोळीबार चौक. अर्धा चमचा.
उरलेल्या पैशाचं गांधीबागेतून सूत आणा,
पण बाहेर उन्हात नेऊन पाहा,
ट्यूबलाइटखाली सगळे लाल सारखेच दिसतात.

असले सल्ले देता म्हणून, बायको म्हणते,
तुमचं दुकान वाढत नाही.
खरं आहे.
माझा स्वतःचा बोर्ड गेल्या वैशाखात वावधनात उडाला.
लोक 'पंक्चरवाल्याच्या वर' विचारत येतात,
आणि पत्ता सांगायचा म्हणून
पंक्चरवाला रोज माझ्याकडून हाफ चहा उकळतो.

जाताना देवकाबाईंनी एक पुडी ठेवली टेबलावर.
रात्री घरी ती सोडली,
गाठ नीट पाहून घेतली होती,
परत बांधू लागलो. तीनदा.
बसेना.
शेवटी बायकोनं रबर लावलं.