लिटरमागे पस्तीस ग्रॅम

जालन्यात आमच्याकडे शेवाळ एकच होतं,
हौदाच्या कडेचं, पाय घसरवणारं.
इथे रॉदरहॅममध्ये, पुढच्या खोलीत,
रेडिएटरपासून दोन हात लांब ठेवलेल्या
दोनशे लिटरच्या समुद्रात
त्याची इतकी भावंडं निघाली
की मी वही घातली.

आधी वाळूवर तपकिरी भुकटी.
क्लाइव्ह हेपवर्थ म्हणाले
(त्यांचं दुकान रेल्वेपुलाखाली,
गाडी गेली की सगळे मासे एकदम वळतात)
"नव्या टाकीला हे होतंच. बाळाला दात येतात तसं. थांबा."
थांबले. गेली.

मग लाल, मखमली थर.
दिव्यात पसरायचा, अंधारात आक्रसायचा.
नळीने ओढला तर
तापल्या दुधावरच्या सायीसारखा अख्खा निघाला.
"हे शेवाळ नव्हेच, जिवाणू.
पाणी कुठेतरी साचून राहतंय तुमचं."
वहीतलं नाव खोडलं,
पंपाचं तोंड कोपऱ्याकडे फिरवलं.

मग खडकावर हिरवे मणी, काचेचे वाटावेत असे.
फोडायचे नाहीत, आत पिल्लावळ असते.
खडक बादलीत घेऊन, नखाने, बुडापासून.
सत्तेचाळीस निघाले.
एक फुटला. त्याचंही लिहून ठेवलं.

शेवटी केस.
हिरवे, विंचरता येतील इतके लांब,
प्रवाळाच्या तोंडावर बटा सोडलेले.
जुन्या टूथब्रशने दर रविवारी उपटले.
तीन दिवस टाकीला गोधडी गुंडाळली.
सहा गोगलगाई आणल्या, एक उताणी पडून मेली,
पाच रात्रभर खरवडत राहिल्या,
मला ऐकू यायचं, किंवा तसं वाटायचं.
बुधवारपर्यंत केस पुन्हा तेवढेच.

"खातात काय हे?" हेपवर्थ म्हणाले.
माशांना तर चिमूटभरच घालते मी.
"आणि पाणी?"
नळाचं.
ते माझ्या गळ्याकडे बघत राहिले.
ओळखपत्र काढायचं राहिलं होतं,
पाणी कंपनीचं.

अकरा वर्षं मी हेच करते.
टेकडीवरच्या केंद्रात पंप क्रमांक तीन,
लिटरमागे मिलिग्रॅमभर फॉस्फेट,
म्हणजे जुन्या घरांतल्या शिशाच्या नळ्यांना
आतून अस्तर बसतं,
शिसं चहात उतरत नाही,
बाटलीतल्या दुधात उतरत नाही.
गावात कुणाला हे माहीत नाही, असायचं कारणही नाही.
माझ्या खडकावरच्या केसांना तेवढं माहीत होतं.

घरी येऊन चाचणीची कुपी हलवली.
गर्द निळी. माझ्याच हातची निळी.
हसू आलं. नळाची तोटी उगाच दोनदा आवळली.

आता सिंकखाली चार गाळण्या,
थेंबाथेंबाने रात्रभर बादली भरते.
सकाळी तिच्यात मीठ, तराजूवर मोजून,
लिटरमागे पस्तीस ग्रॅम.
केस पिकत गेले महिनाभर, मग गळले.

आणि मला हाव सुटली.
आकडा शून्यावर नेला, वहीत दोनदा अधोरेखित केला.
पंधरा दिवसांत वाळूवर शेंबडासारखे तपकिरी धागे,
प्रत्येकाच्या टोकाला बुडबुडा.
आणखी दोन गोगलगाई गेल्या.
"उपाशी ठेवलंत तुम्ही त्यांना," हेपवर्थ म्हणाले,
आवाज न चढवता, आणि ते जास्त लागलं.

तेव्हापासून थोडं राहू देते.
मासे काचेशी आले की अर्धी चिमूट जास्त.
मागच्या काचेवर तळव्याएवढा हिरवा डाग आहे,
तो घासत नाही. तिघींचं जेवण आहे ते.

सोमवारी सकाळची पाळी.
पंप तीनची नळी बदलायला झाली आहे.