आदला दिवस

सकाळी साडेसातला वाचनालयाचं शटर वर करतो
आणि ओल्या फडक्यानं फळा पुसतो.
कालचा साक्षरता दिन
पांढरं पाणी होऊन पायरी उतरतो,
गटारीला लागतो.

वरचं शीर्षक तेवढं ऑइलपेंटचं.
झिपरू पेंटर ष-चं पोट फोडायला विसरला,
पैसे घेऊन साक्रीला गेला.
तेव्हापासून दोंडाईचा रोज
'आजचा दिनविशेप' वाचतं
आणि कुणाचं काही अडत नाही.

खाली पाच ओळी मावतात.
नऊ सप्टेंबर:

१८३९. काचेवर फोटो उतरला,
मोडायला काढलेल्या एका दुर्बिणीच्या सांगाड्याचा.
१९४२. नंदुरबारला झेंडा घेऊन निघालेली पोरं.
गोळीबार. पाच गेली.
१९४७. अमेरिकेत गणकयंत्र अडलं, आत पतंग सापडला,
चिकटपट्टीनं वहीत डकवला.
१९७६. चीनचा अध्यक्ष वारला.

एकमेकांचं तोंड न पाहिलेले हे सगळे
माझ्याकडे एका बाकावर बसतात,
भुसावळ पॅसेंजर चुकलेल्या उतारूंसारखे.
शाळेची पोरं विचारतात, पतंग कोणत्या रंगाचा?
त्यांना मांज्याचा वाटतो.
मी सांगतो, दिव्याकडे जातो ना, तो.
आणि मग माझीच नजर
एक ओळ वर सरकते
आणि तिथे थांबवत नाही.

पाचवी ओळ रिकामी ठेवतो.
भजेवाली सुपडाबाई म्हणते,
'लिख ना, मना पोऱ्या सूरतले ग्या.'
साल विचारलं तर हसली,
'आत्तेच. सकायनी गाडीवर.'
खडू हातात होता. लिहिलं नाही.
पुस्तकात नाही ते लिहायचं नाही, असा नियम,
म्हणजे मीच केलेला.

हिलाल आप्पा दरवर्षी येतात,
चष्मा कपाळावर, बोट फळ्यापासून वीतभर लांब.
दुसऱ्या ओळीशी थांबतात.
'तारीख चुकनी तुन्ही, भाऊ.'
पुस्तक दाखवलं. पुस्तकाकडे पाहिलंही नाही.
'पोयाना आदला दिन व्हता तो.'

सात वर्षांचे होते. बापाचं बोट धरून
नंदुरबारच्या बाजारात बैलांचा साज घ्यायला गेलेले.
गोंडे घेऊन झाले होते, बेगड घ्यायची राहिली होती.
दुकानांच्या फळ्या एकदम पडायला लागल्या.
आवाज? आवाज आठवत नाही.
बापाचा तळहात आठवतो, त्यांच्या डोळ्यांवरचा,
त्याला तंबाखूचा वास.
आणि घरी परत येताना बाप
एक अक्षर बोलला नव्हता,
बैलांशीसुद्धा.

संध्याकाळी जुन्या पंचांगाची गठडी सोडली.
धूळ, झुरळं, एक वाळलेला विडा.
नऊ सप्टेंबर बेचाळीस, बुधवार.
दहाला अमावास्या. पोळा.
दोघंही बरोबर.

यंदा पोळा ऑगस्टातच आला.
आदल्या दिवशी फळ्यावर
कुठल्याशा बेटाचा शोध होता,
एका राजाचा राज्याभिषेक,
आणखी कायकाय.
पाचव्या ओळीत मी लिहिलं:
पोळ्याचा आदला दिवस. नंदुरबार. पाच.
साल घातलं नाही.
दहावीच्या एका मुलीनं खाली उभं राहून
तारीख वहीत उतरवून घेतली,
मग खोडली, मग माझ्याकडे पाहिलं.
आप्पा आले नाहीत. गुडघे धरलेत म्हणे.

दुसऱ्या दिवशी वेशीत बैल निघाले.
निळी शिंगं, गुलाबी शिंगं, सोनेरी कागद,
कुणाच्या पाठीवर मोबाइल दुकानाची जाहिरात.
मधेच एक जोडी,
गोंडे आहेत, झूल आहे,
शिंगं मात्र जशी उगवली तशी.
आप्पांचा नातू कासरा धरून होता.
त्याला विचारलं, रंग संपला का रे?

'आमन्याकडे लावतस नही.'
का, ते त्याला माहीत नव्हतं.